उपटीबाई

बाईंनी माझं पहिलं झाड उपटलं तेव्हा मी आठवीत होते. झाड म्हणजे वालाचं रोप. शाळेमागच्या पडीक तुकड्यात मी ते माझ्या हातानं लावलं होतं, घरून बाटलीत पाणी नेऊन घातलं होतं, आणि ते नुकतंच काठीला विळखा घालायला लागलं होतं. त्या रविवारी बाई तरातरा आल्या, वाकल्या, बुडाशी बोटं घातली आणि सरळ उपटलंच. माती झटकली आणि मुळं माझ्या नाकासमोर धरली.

"ह्या गाठी दिसायल्यात का? बारीक, मण्यावानी? ह्याच्यात जिवाणू ऱ्हातात. हवेतलं नत्र धरून झाडाला देतात. पुस्तकात वाचलं ना तू? आता बघ."

मला काही दिसेना. डोळे भरून आले होते.

"रडून राह्यली का?" बाईंनी माझ्याकडं नीट पाहिलं. "रड. पण रडत रडत मोज किती हायेत त्या."

मी मोजायला लागले. मधेच एक गाठ नखानं फोडून त्यांनी मला आतला गुलाबी रंग दाखवला, आणि आपल्याला रडायचं होतं हे मी विसरून गेले.

गावात त्यांना उपटीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं. आमचं गाव अंबडच्या रस्त्यावरचं, जिल्हा परिषदेची शाळा दहावीपर्यंत, आणि बाई तिथं विज्ञान शिकवायच्या. दर रविवारी सकाळी ज्याला यायचं असेल त्यानं शाळेमागच्या तुकड्यात यायचं, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. हजेरी नाही, मार्क नाहीत. सुरुवातीला आम्ही गेलो ते बाई आदल्या आठवड्याला काय बोलल्या ते कळलं नव्हतं म्हणून, आणि घरी धुणं असतं म्हणूनही.

उपटायचा त्यांचा एक नियम होता. प्रत्येकीच्या ओळीतलं एक रोप त्या उपटणार, आणि कुठलं ते आधी सांगणार नाहीत. आम्ही नाना युक्त्या केल्या. चांगलं रोप पाचोळ्याखाली झाकून ठेवलं, मरतुकडं पुढं आणून लावलं. मनीषा नावाची माझी मैत्रीण होती, गावात बी-खताचं दुकान असलेल्या दादारावांची मुलगी. तिनं आपल्या टमाट्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. बाईंनी त्या काट्यांतून हात घातला, ओरखडे घेतले आणि टमाटं उपटलं. मग रक्त पुसत मनीषाला म्हणाल्या, "कुंपण भारी केलंस गं. शेळीला चाललं असतं."

त्या दिसायलाही वेगळ्या होत्या. आमच्याकडं कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवर पुरुषी शर्ट घालतात, तसा शर्ट घालून बाई वर्गात यायच्या. शर्टाला खिसे असतात म्हणून. एका खिशात ब्लेड आणि दोऱ्याचं रीळ, दुसऱ्यात कागदाच्या पुड्या, पुड्यांत बिया. फळ्यावर लिहिता लिहिता खडू संपला की त्या खिशात हात घालायच्या आणि हातात यायचा करडईचा दाणा. मुख्याध्यापकांनी एकदा सांगून पाहिलं की शाळेत असं बरं दिसत नाही. बाई म्हणाल्या, "सर, तुमच्या शर्टाला खिसा हाय. मी काही म्हटलं का?"

आणि त्यांना एका जागी थांबवत नसे. वर्गात शिकवताना त्या चालत राहायच्या, आणि त्यांच्याकडं बघता बघता आमच्या माना दुखायच्या. डबासुद्धा हातात भाकरी घेऊन, तुकड्यातल्या वाफ्यांतून फिरत फिरत. मीटिंगला दारात उभ्या. शाळेच्या ओसरीवर त्यांच्या कुंड्या होत्या, त्या सकाळी एका टोकाला असायच्या तर दुपारी दुसऱ्या. आम्हालाच त्या उचलायला लागायच्या.

"ह्याला इथं बरं वाटून न्हाई राह्यलं," असं त्या कुंडीकडं बघून म्हणायच्या, आणि कुंडी हलायची.

भाड्याच्या खोल्याही त्यांनी अशाच बदलल्या. गच्चीवर मातीचे डबे ठेवायच्या, पाणी झिरपायचं, घरमालक कुरकुरायचा, आणि बाई दुसऱ्या आळीत. त्यांचे यजमान लातूरकडं नोकरीला होते, दिवाळीला यायचे. माझ्या आईनं एकदा धाडस करून विचारलं की, एकाच गावी बदली का मागून घेत नाही तुम्ही दोघं?

"ते तिकडं सुखात हायेत," बाई म्हणाल्या. "आले की पहिल्या दिवशी म्हणतात, घरात माती लई झाली. तिसऱ्या दिवशी तेच पाणी घालून राह्यलेले असतात. मंग कोणत्या डब्याला किती घालायचं ह्यावरून आमचं भांडण लागतं."

आई हसली खरी, पण बाई गेल्यावर म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या."

ती गिरणीची गोष्ट झाली तेव्हा तर सगळ्या गावालाच तसं वाटलं. वर्गात बाईंनी विचारलं होतं, मूळ खाली का जातं? आम्ही म्हटलं, पाणी खाली असतं म्हणून. "आणि पाणी वर ठेवलं तर?" दुसऱ्या दिवशी त्या मोड आलेल्या मुगाची एक डबी घेऊन पिठाच्या गिरणीवर गेल्या, आम्ही मागं. गिरणीवाल्या चाचांना म्हणाल्या, ही डबी तुमच्या मोठ्या चाकाला बांधायची.

"दळायला काय आणलं, बाई?"

"दळायचं काही न्हाई. नुसती चालू ठेवा."

ज्वारीचे डबे घेऊन बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. चाचा भला माणूस, त्यांनी डबी बांधू दिली. चाक फिरलं, जोर आला, डबीचं झाकण उडालं आणि ओला मूग साऱ्या गिरणीभर उधळला. कुणाच्या केसांत, कुणाच्या पिठात. नंतर दोन दिवस गावात भाकरीत मूग निघत होता म्हणे. चाचांनी हात जोडले. बाई जरासुद्धा वरमल्या नाहीत. मनीषाच्या भावाची सायकल आणली, उलटी उभी केली, मागच्या चाकाला नवी डबी घट्ट बांधली आणि पायडल हातानं फिरवायच्या आमच्या पाळ्या लावल्या. पुढचा सगळा रविवार आम्ही सायकल फिरवली. हात भरून आले, पाठी दुखल्या. ऊन कलताना बाईंनी डबी उघडली. मुगाची सगळी मुळं बाहेरच्या बाजूला, कडेकडे वळली होती, कुणी विंचरून ठेवल्यासारखी.

"खालचं-वरचं काही न्हाई त्याला," बाई म्हणाल्या. "ओढ जिकडं, तिकडं जातं ते." आम्ही दमलो होतो, त्यांना तहानसुद्धा लागलेली नव्हती.

असं सगळं चाललं होतं. नववीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मात्र जे झालं, त्यानं त्या तुकड्याचं आणि बाईंचं गावातलं चित्रच पालटलं.

मे महिना संपत आला होता. शाळेला सुट्टी होती, पण रविवार चालू होते. बाई म्हणाल्या, पेरणी जवळ आली, आता प्रत्येकानं घरातलं सोयाबीनचं बी मूठभर आणायचं. ते उगवतं की नाही हे जमिनीत टाकायच्या आधीच बघता येतं. पोत्याचा तुकडा ओला करायचा, त्यावर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करायची, सुतळीनं बांधायची, ओल राखायची, आणि काही दिवसांनी उघडून बघायचं. कोंब किती आले, किती नाही.

आम्ही बी आणलं. कुणी घरचं राखलेलं, कुणी दुकानातून घेतलेल्या पिशवीतलं. दुकानातलं म्हणजे दादारावांच्याच. बाईंनी दोन ढीग केले, घरचं एकीकडं, दुकानाचं एकीकडं. माझं दुकानाच्या ढिगात होतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या वर्षी नवी पिशवी घेतली होती. मनीषाचंही अर्थातच तिकडं. आम्ही गुंडाळ्या केल्या आणि ओसरीत रांजणाच्या कोपऱ्यात ठेवल्या. जागा पुरेना, तेव्हा दुकानाच्या गुंडाळ्या बाईंनी उचलून मागं खेळाच्या सामानाच्या खोलीत नेल्या. हे त्यांचं नेहमीचंच होतं. कुणाच्या लक्षातही राहिलं नाही.

उघडायच्या दिवशी आधी घरचं बी उघडलं. पोतं सोडताच पांढरे कोंब. आम्ही ओरडलो. मग मनीषानं आपली गुंडाळी सोडली. आत दाणे फुगून, चिकट होऊन, काळपट पडलेले. वास येत होता. माझी उघडली, तेच. तिसरी, चौथी, तेच. कुठं एखादा कोंब, तोही अर्धा.

मनीषाचा चेहरा उतरला. "बाई, हे आमच्या दुकानाचं हाय," ती हळूच म्हणाली, जणू बाईंना माहीत नव्हतं.

बाई गुंडाळ्या परत परत उलगडत होत्या. "असं कसं? असं कसं?" एवढंच. तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला, आणि आम्ही घरी पोचायच्या आत तो गावाच्या ग्रुपवर गेला होता. एकीकडं पांढरे कोंब, एकीकडं काळे दाणे, खाली लिहिलेलं: दुकानाचं बी.

ढग जमून येत होते. पेरणीला कुणाकडं थांबायला वेळ नव्हता. संध्याकाळपर्यंत दादारावांच्या दुकानापुढं माणसं पिशव्या घेऊन उभी. अप्पाही गेले. मी त्यांच्या मागं गेले आणि नको ते ऐकलं. अप्पा आणि दादाराव एकाच वर्गात शिकलेले, एकमेकांच्या लग्नात नाचलेले. अप्पा भर दुकानात म्हणाले, "दुसऱ्याला फसवलं असतं तर समजू शकलो असतो. तू मला बी फसवलं?" दादारावांनी पिशवी परत घेतली. दुसऱ्या दिवशी अप्पा अंबडला जाऊन रांगेत उभे राहून दुसरं बी घेऊन आले.

दादाराव शाळेच्या समितीचे अध्यक्षही होते. ते चार माणसं घेऊन शाळेवर आले तेव्हा बाई वाफ्याला पाणी देत होत्या.

"पोरांच्या खेळावरून माझं दुकान बसवायला निघालात का, बाई?"

"खेळ न्हाई, दादाराव. पद्धत बराबर हाय. तुमच्या मुलीनं स्वतः केलंय."

"तिला काय कळतं?"

"कळतं." बाईंनी पाण्याची झारी खाली ठेवली. "पण तुम्हाला पटून न्हाई राह्यलं तर पुन्हा करू. तुमच्याच दुकानाच्या ओट्यावर. सगळ्यांच्या देखत. पिशवी तुम्ही फोडा, गुंडाळी पोरी करतील."

दादारावांनी सोबतच्या माणसांकडं पाहिलं. मग म्हणाले, "करा. आणि बी उगवलं तर?"

"तर मी सगळ्या गावाला सांगीन," बाई म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, विचार न करता.

गुंडाळ्या दुकानाच्या ओट्यावर, पत्र्याच्या पडवीत नाही, लिंबाच्या गार सावलीत ठेवल्या गेल्या. मनीषा आणि मी बांधल्या. ते दिवस कसे गेले सांगता येत नाही. गावात कुणी कुणाशी धड बोलेना. मनीषा माझ्याकडं यायची बंद झाली. बाई सकाळी ओट्यावर, दुपारी ओट्यावर, मधेच शाळेत, पुन्हा ओट्यावर. दादारावांच्या बायकोनं खुर्ची आणून दिली, ती तशीच राहिली. बाई लिंबाभोवती फेऱ्या मारायच्या. गुंडाळीवर पाणी शिंपडतानाही पाय थांबायचे नाहीत, निम्मं पाणी जमिनीवर. माणसं येता-जाता बघून जायची. आभाळ रोज भरून यायचं आणि रोज ओसरायचं, आणि पेरायचं काय हेच कुणाला कळेना.

उघडायच्या सकाळी ओटा माणसांनी भरला होता. मनीषानं सुतळी सोडली. पोतं उलगडलं.

कोंब. ओळीच्या ओळी पांढरे, टणक, वाकडे कोंब. क्वचित एखादा दाणा नुसता.

आणि बाई टाळ्या वाजवायला लागल्या. खरंच. "आलं! बघा, बघा, आलं की!" त्या गुडघ्यांवर बसल्या, एक कोंब बोटावर घेतला, उजेडात धरला. चेहरा असा फुललेला की जणू त्यांच्याच घरी पाळणा हलला होता. माणसं एकमेकांकडं बघू लागली. आपण हरलो हे ह्या बाईला कळलं तरी का, असं प्रत्येकाच्या तोंडावर होतं. दादाराव तर चक्रावूनच गेले. त्यांनी बहुधा ओरडायची तयारी केली होती, आता ओरडावं कुणावर?

हळूहळू बाईंचे हात थांबले.

"मंग आपलं का मेलं?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणि उठून चालायला लागल्या, शाळेकडं, आणि मग चालणं पळण्यात बदललं. आम्ही मागं, आमच्या मागं माणसं, दादारावसुद्धा. खेळाच्या सामानाच्या खोलीचं दार त्यांनी ढकललं. आतली भिंत पत्र्याची होती, उगवतीकडं तोंड केलेली. दुपार व्हायची होती तरी खोली तापली होती. गुंडाळ्या जिथं ठेवल्या होत्या तिथं पत्र्याला बाईंनी तळहात लावला आणि काढून घेतला.

त्या आमच्याकडं वळल्या.

"हे मी केलं," त्या म्हणाल्या. "घरचं बी सावलीत, दुकानाचं ह्या पत्र्याला. ते शिजलं. बी चांगलं होतं." मग मनीषाकडं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं मीच शिकवलं ना तुम्हाला? मी दोन बदलल्या. बी बी वेगळं आणि जागा बी वेगळी. मंग फरक कशानं पडला ते कसं कळणार?"

पत्र्याची खोली कुणाच्याही डोक्यात आली नव्हती. सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. दुकानाच्या ओट्यावर बी उगवलं, एवढंच गावानं पाहिलं होतं, आणि पहिल्या वेळी काय बिघडलं हे पोरांच्या माथी मारणं फार सोपं होतं. मागं उभं असलेलं कुणीतरी तसं म्हणालंही: पोरींनी पाणी घातलं नसेल. बाई त्याच्यावर उसळल्या. "पोरींनी सगळं बराबर केलं! बिलकुल बराबर!"

त्याच दिवशी त्या घरोघर गेल्या. आम्ही चार-पाच मुली सोबत होतो, कुणी बोलावलं नव्हतं तरी. प्रत्येक दारात उभं राहून त्या एकच सांगायच्या: दादारावांचं बी चांगलं आहे, चूक माझी झाली, मुलींची नाही. कुणी पाणी दिलं, कुणी दार लावून घेतलं. एका म्हातारबाबांनी विचारलं, "मंग आता कोणतं पेरू?" आणि बाई त्यांच्या ओसरीत उभ्या राहून कितीतरी वेळ समजावत राहिल्या.

आमच्या घरी अप्पा अंबडहून आणलेल्या पिशवीवर बसले होते. बाईंनी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं.

"बाई, बियाचं काय, आणलं दुसरं," ते म्हणाले. "पण मी भर दुकानात दादारावला बोललो. त्याला म्हटलं, तू फसवलं. ते माघारी येतं का?"

बाई म्हणाल्या, "न्हाई येत."

मला वाटलं, आता अप्पा बाईंना जायला सांगतील आणि मला उद्यापासून रविवार बंद म्हणतील. त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

"चला. मी बी येतो."

दुकानात दादाराव एकटेच होते. अप्पा पुढं झाले. फळीवरची एक रिकामी बरणी उचलून ते बघत बसले. दादाराव म्हणाले, "ठिव ती खाली, फुटंल." अप्पांनी ठेवली. "चहा घेतो का?" दादारावांनी विचारलं. अप्पा म्हणाले, "घेतो." त्या दोघांच्यात त्यापेक्षा जास्त काही झालं नाही. पुढं बोलणं सुरू झालं, पण पहिल्यासारखं व्हायला फार वर्षं गेली, आणि पूर्ण झालं असं मी आजही म्हणणार नाही.

बाईंना मात्र दादाराव म्हणाले, "तुम्ही खोटं बोलला न्हाईत, हे मला मान्य हाय. पण गेलेलं गिऱ्हाईक काही माघारी येत न्हाई. आता पोरांना ह्यात घालायचं न्हाई. त्या जागेला कुलूप."

"मला काय करायचं ते करा," बाई म्हणाल्या. "पोरींचं बंद करू नका."

"बंद म्हणजे बंद, बाई."

बाई पायऱ्या उतरल्या. रस्त्यावर गेल्या, थबकल्या आणि परत आल्या. आम्हाला वाटलं आता भांडतील. "दादाराव," त्या म्हणाल्या, "एवढा जोमदार कोंब मी ह्या साली कुठं पाहिला न्हाई. पेरा म्हणावं लोकांना." दादारावांनी मान फिरवली. आतून मनीषा बघत होती, तिचे डोळे सुजलेले होते.

तुकड्याच्या फाटकाला कुलूप लागलं. तारेच्या कुंपणाआडून वाल वाळताना दिसायचा.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी अप्पा मला म्हणाले, "हे अंबडचं बी बी बघून घ्यायला पायजे. लाव बरं पोत्यात." मी त्यांच्याकडं बघतच राहिले. "काय बघतेस? बाईनं शिकवलं ना? का विसरली?" मी पोतं फाडलं. आई म्हणाली, चांगलं पोतं कशाला फाडलंस. अप्पा म्हणाले, फाडू दे. आम्ही ते रांजणामागं ठेवलं. उगवण बेताची निघाली. अप्पांनी दाट पेरायचं ठरवलं आणि तसं पेरलं, आणि शेजाऱ्यालाही सांगितलं. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या आळीत तीन-चार घरांत रांजणामागं गुंडाळ्या होत्या. त्या बघायला बाई गावात नव्हत्या. त्यांची बदली जाफराबादकडं झाली होती. मागून घेतली असं कुणी म्हणे, दादारावांनी करवली असं कुणी. जाताना टेम्पोत त्यांचं सामान थोडं आणि मातीचे डबे जास्त होते.

मनीषा आता पुण्याला असते. मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. उगवण तपासणं हेच काम. तिथं सगळं थंड, ठरलेल्या अंशावर, काचेआड. मशीन चुकत नाही. तरी नमुने दोन ठिकाणी ठेवले गेले की मला चैन पडत नाही. मी उठते, जागा तपासून येते, बसते, पुन्हा उठते. सोबतचे हसतात.

गेल्या पावसाळ्यात मी सुट्टी काढली, एसटीनं जाफराबादला गेले, तिथून जीपनं पुढं. बाई निवृत्त झाल्यात, पण त्या गावातून हलल्या नाहीत. यजमानही आता तिथंच आहेत. ते मला दारातच भेटले, हातात झारी. म्हणाले, "मागं असतील. सकाळपासून एक घोट चहा घेतला नाही, तुम्ही तरी सांगा."

मागं बोरीची झाडं होती, रानटी, आणि दहा-बारा पोरंपोरी त्यांना चिकटलेली. प्रत्येकाच्या हातात ब्लेड आणि बांधायची प्लास्टिकची पट्टी. रानबोरीच्या फांदीवर गोड बोराचा डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, बसवून कलम करणं चाललं होतं. बाई केस पांढरे झालेल्या, शर्ट तोच म्हणावा असा, एका झाडाकडून दुसऱ्याकडं. मला बघून त्यांनी नाव घेतलं आणि लगेच म्हणाल्या, "हे धर," आणि माझ्या हातात पट्टीचं रीळ दिलं.

मी चालत चालतच त्यांना विचारलं, कारण त्या थांबणार नव्हत्या. इतकी वर्षं विचारायचं होतं.

"बाई, त्या दिवशी पत्र्याचं तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. रविवार चालू राहिले असते. तुम्ही गप्प का नाही बसलात?"

बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी काहीतरी परक्या भाषेत विचारलं होतं. कपाळाला आठी घालून त्यांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला.

"गप्प बसायचं?" त्या म्हणाल्या. "ते सुचलंच न्हाई गं. मला एकदम कळलं ना तेव्हा, का मेलं ते. कळल्यावर कोण गप्प बसतं?"

मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं गेली.

"अगं, तू नुसती उभी काय? त्या दोघी बघ, डोळा उलटा बांधून राह्यल्यात. जा, जल्दी जा, वाळायच्या आत."

मी चपला बांधावर काढल्या आणि त्या दोघींकडं गेले.